हुंडीपासून स्विफ्टपर्यंत : दूरदेशी पैसा पाठवण्याची गोष्ट



आपल्या ओळखीतल्या घरांत आज कुणाचा मुलगा सिंगापूरला, कुणाची लेक न्यू जर्सीला, तर कुणाचे दीर हिऱ्यांच्या व्यापारापायी अँटवर्पला असतात. त्यांच्याकडून पैसे येतात, कधी आपल्याकडून फीसाठी जातात. "आले का गं?" एवढेच आपण विचारतो. मधे काय होते, कोण किती कापून घेते, हे घरातल्या पुरुषांवर किंवा बँकेतल्या साहेबांवर सोडून देतो. खरे तर हा धंदा आपल्याच समाजाच्या पूर्वजांनी मोठा केला. तेव्हा त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा म्हणून आजचा लेख. बी.कॉम.ला शिकलेले थोडे आणि नंतर हौसेने वाचलेले थोडे, असे दोन्ही यात आहे.

हुंडी : पैसा जागेवर, कागद प्रवासाला

रस्ते धोक्याचे होते तेव्हा रुपयांची थैली घेऊन सुरतेहून आग्र्याला जाणे म्हणजे जिवावरचे काम. त्यावर तोड निघाली ती हुंडी. सुरतेच्या पेढीवर रुपये भरायचे, पेढीवाला आपल्या आग्र्याच्या गुमास्त्याला किंवा आडत्याला कागद लिहून देणार की अमक्याला इतके रुपये द्यावेत. कागद आग्र्याला जाई, रुपये सुरतेतच राहत. आग्र्याहून सुरतेला पैसे पाठवणारेही असतच. दोन्ही बाजूंच्या रकमा एकमेकींत वळत्या होत आणि उरलेला फरक मालाने किंवा चांदीने फेडला जाई.

हुंडीचे प्रकारही किती! दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या 'शाह'लाच मिळत. म्हणजे कुणी चोराने कागद पळवला तरी त्याला ओळखीच्या शाहमार्फतच यावे लागे, आणि पुढे गफलत निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहवर. आज बँक आपल्याकडे आधार, पॅन, फोटो मागते तेव्हा आपण कुरकुरतो, पण समोरचा माणूस खरा कोण हे पाहण्याची चाल आपल्याकडे इतकी जुनी आहे. जोखमी हुंडी आणखी वेगळी. माल घेऊन निघालेले गलबत सुखरूप पोहोचले तरच तिचे पैसे द्यायचे. हुंडी आणि विमा एकाच कागदात!

हुंडीत रक्कम लिहिण्याची पद्धत तर मला फारच आवडते. आधी आकड्यात रुपये १००, मग निम्मे पन्नास, त्याची दुप्पट पुरे शंभर, असे लिहीत. आकड्यात कुणी एक शून्य वाढवले तरी निम्म्याचा हिशेब जुळणार नाही. हुंडी हरवली तर दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. पैसे दिले गेले की तो कागद 'खोका' होई आणि पुरावा म्हणून जपून ठेवला जाई.

या कामाचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. एका गावाहून दुसऱ्या गावी पैसे पाठवण्यासाठी जो कमीजास्त भाव पडे तो. कोणत्या पेठेत पैशाची चणचण आहे आणि कुठे सुबत्ता, यावर हुंडणावळ रोज बदले. मैत्रिणींनो, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आपल्या घराण्यांची पत

सतराव्या शतकात सुरतेत वीरजी व्होरा नावाचे स्थानकवासी जैन व्यापारी होते. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी त्यांच्याकडून कर्ज घेई. तांबडा समुद्र आणि इराणच्या आखाताच्या बंदरांपर्यंत त्यांचा व्यापार होता. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा व्होरांच्या घरातून मोठी संपत्ती गेली. तरी ते पुरते बुडाले नाहीत, कारण त्यांचा पैसा एका घरात पुरलेला नव्हता. तो ठिकठिकाणच्या पेढ्यांत आणि मालात विखुरलेला होता.

दुसरे नाव जगत्शेठांचे. मूळचे राजस्थानातल्या नागौरचे ओसवाल जैन. हिरानंद साहू १६५२ मध्ये पाटण्याला आले, पुढची पिढी मुर्शिदाबादला स्थिरावली. फतेहचंदांना बादशहा मुहम्मदशहाने १७२३ मध्ये जगत्शेठ ही पदवी दिली. बंगालचा सारा महसूल दिल्लीला पाठवायचा तो याच घराण्याच्या हुंडीवर. विचार करा, केवढा खजिना एका कागदावर दिल्लीला पोहोचत असे! पण पैशाची सत्ता राजकारणात शिरली की काय होते तेही याच घरात दिसते. १७५७ मध्ये प्लासीच्या कटात हे घराणे सामील होते, आणि १७६३ मध्ये नबाब मीर कासीमने त्यांच्यातल्या कर्त्या पुरुषांना ठार केले.

इकडे पुण्यात पेशव्यांचाही उत्तरेकडचा पैसा सावकारांच्या हुंड्यांनीच येई. सावकारांच्या जासुदांबरोबर बातम्याही धावत. पानिपतचा घात १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना कळला तो एका सावकारी पत्रातून, मोत्ये आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. पैशाची वाट हीच बातमीची वाट होती.

इंग्रजांनी कायदे केले, पण १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमध्ये पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढी राखून ठेवल्या. कॉलेजात हे कलम शिकले तेव्हा फारसे काही वाटले नव्हते. आज वाटते की आपल्या पेढ्यांची केवढी पत असेल, म्हणून परक्या सरकारनेही त्यांच्या रिवाजाला हात लावला नाही.

तार आली, पोस्टमन आला

१८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. आधी जहाजाने आठवडेच्या आठवडे लागणारा निरोप आता फार लवकर पोहोचू लागला. तारेने पैसे पाठवणे म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. बँकेत आजही जुनी माणसे "टी.टी. केली" म्हणतात ते याचेच शिल्लक राहिलेले नाव. परदेशी व्यवहार चार्टर्ड बँकेसारख्या एक्स्चेंज बँकांच्या हातात होता आणि देशातला मोठा भाग आपल्या पेढ्यांच्या.

सामान्य घरांसाठी मात्र खरा बदल १८८० मध्ये झाला. त्या वर्षी पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणीतला कामगार रत्नागिरीच्या आपल्या गावी पैसे पाठवू लागला. फॉर्मच्या खाली दोन ओळी मजकूर लिहायला जागा असे. "पैसे मिळाले की कळवणे, बाळाची काळजी घेणे." पोस्टमन दारात येऊन नोटा मोजून देई, घरची बाई सही करी किंवा अंगठा उठवी. पेढीच्या वहीत बाईचे नाव क्वचितच येत असे. मनीऑर्डरच्या पावतीवर मात्र लाखो बायकांची नावे आली. माझ्या मते पैशाच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे.

रुपया परदेशातही चालत होता

हालारातले, म्हणजे जामनगरच्या बाजूचे ओशवाल जैन १९०० च्या आसपास पूर्व आफ्रिकेत जाऊ लागले. मोंबासाहून आत जाणारी रेल्वे तेव्हा बांधली जात होती, तिच्या बाजूबाजूने दुकाने उभी राहिली. गंमत अशी की ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाच चालत होता. त्यामुळे नैरोबीच्या दुकानातून जामनगरला पैसे पाठवताना चलन बदलण्याची कटकटच नव्हती.

आखातातही तेच. कुवेत, बहारीन, कतार, दुबई इथे भारतीय रुपया चाले. तिकडचे रुपये चोरट्या सोन्याच्या बदल्यात इकडे परत येऊ लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव चार रुपये शहात्तर पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, आणि बहुतेक आखाती देशांनी रुपया सोडला.

परवानगीचा काळ

परकीय चलनावर सरकारी ताबा आला तो दुसऱ्या महायुद्धात, १९३९ मध्ये. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, त्याचा कायदा झाला आणि १९७३ मध्ये तो आणखी कडक झाला. हाच आपल्या पिढीने ऐकलेला 'फेरा'. परदेशी खाते ठेवणे, परवानगीशिवाय डॉलर बाळगणे हा फौजदारी गुन्हा. साठच्या दशकात शिकायला गेलेले लोक "खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलो" असे सांगतात ते याच बंधनांमुळे.

याच काळात १९७२ मध्ये युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. त्यात आपले ओशवालही होते. दुकाने, घरे, बँकेतली खाती मागे राहिली. पासबुकात आकडा होता, हातात काही नव्हते. त्यातली कितीतरी कुटुंबे इंग्लंडमध्ये लंडन, लेस्टरला गेली, शून्यातून उभी राहिली. लेस्टरला पुढे आपले सुंदर मंदिरही झाले. या प्रसंगातून समाजाने एक धडा घेतला : परदेशातला पैसा म्हणजे त्या राज्यकर्त्याच्या मर्जीवरचा पैसा. मायदेशी एक पाय असलेला बरा.

सरकारलाही ते डॉलर हवे होतेच. म्हणून १९७० मध्ये अनिवासी भारतीयांसाठी एनआरई खाते निघाले. परदेशातली कमाई इथे रुपयांत ठेवा, हवी तेव्हा परत न्या. १९७५ मध्ये परकीय चलनातल्याच ठेवीची एफसीएनआर योजना आली. आखातात तेलाचा पैसा वाढला तशी या खात्यांत भर पडत गेली.

मग आले १९९१. देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले. परदेशस्थांनीही घाबरून ठेवी काढायला सुरुवात केली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून कर्ज उभे केले. अडचणीत घरचे सोने गहाण ठेवण्याचा प्रसंग किती जिवाला लागतो हे आपल्याला सांगायला नको. त्यानंतर वाटा हळूहळू मोकळ्या झाल्या. १९९८ मध्ये स्टेट बँकेच्या रिसर्जंट इंडिया बाँडमध्ये परदेशस्थांनी सुमारे ४२० कोटी डॉलर घातले. फेरा जाऊन २००० च्या जूनपासून 'फेमा' लागू झाला. चूक झाली तर मुख्यतः दंड, पूर्वीसारखा थेट तुरुंग नाही. २००४ मध्ये आपल्यासारख्या रहिवाशांनाही परदेशी पैसे पाठवण्याची मुभा मिळाली, वर्षाला २५,००० डॉलर. आज ती मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरपासून इथवर!

आज पैसा जातो कसा?

पुष्कळजणींना वाटते की स्विफ्ट पैसे पाठवते. तसे नाही. १९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून ब्रुसेल्सला ही संस्था काढली आणि १९७७ मध्ये तिचे काम सुरू झाले. ती फक्त निरोप पोहोचवते. 'अमक्या खात्यात इतके जमा करा' एवढेच. हुंडीच्या कागदाचेच काम. प्रत्यक्ष हिशेब बँकांच्या आपसातल्या खात्यांत होतो. आपल्या बँकेचे न्यूयॉर्कच्या बँकेत डॉलरचे खाते असते, त्याला नोस्ट्रो म्हणतात, म्हणजे 'आमचे'. तेच खाते तिकडच्या बँकेच्या दृष्टीने व्होस्ट्रो, 'तुमचे'. शब्द इटालियन, पण पद्धत तीच, सुरतेच्या शेठच्या वहीत आग्र्याच्या आडत्याचे खाते असावे तशी.

दोन बँकांचे एकमेकींत खाते नसेल तर मधे तिसरी बँक येते आणि तीही आपला वाटा कापते. म्हणून मुलाने १,००० डॉलर पाठवले तरी इथे कमी पोहोचतात. हा खर्च कोणी सोसायचा याचे तीन पर्याय फॉर्मवर असतात : सगळा पाठवणाऱ्याने, दोघांनी वाटून, किंवा सगळा घेणाऱ्याने. पाठवतानाच विचारून घ्यावे.

आणि आता आपली हुंडणावळ. "आमच्याकडे शुल्क शून्य" अशी जाहिरात दिसली की आधी भाव पाहा. समजा बाजारात डॉलर ८५ रुपये आहे आणि तुम्हाला ८३ रुपये ५० पैशांनी मिळाला. १,००० डॉलरमागे १,५०० रुपये गेले, शुल्काच्या रकान्यात मात्र शून्यच. जगभरात असे पैसे पाठवण्याचा सरासरी खर्च सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणायचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२३ मध्ये भारतात सुमारे १२,५०० कोटी डॉलर असे आले, जगात सर्वात जास्त. तेव्हा एकेक टक्का म्हणजे किती घरांचा किराणा याचा हिशेब तुम्हीच करा. २०२३ च्या फेब्रुवारीपासून सिंगापूरची पे-नाऊ आणि आपली यूपीआय जोडली गेली आहे. लहान रकमा तिथून मोबाइलवरून काही क्षणांत येतात.

"माझा माणूस आहे" असे कुणी म्हणाले तर

हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. बँकेपेक्षा चांगला भाव देणारा कुणीतरी ओळखीचा प्रत्येक शहरात निघतो. "तिकडे डॉलर द्या, इकडे संध्याकाळी रुपये घरपोच." हाच हवाला. पद्धत हुंडीसारखी दिसते, म्हणून काही जण "आपल्या पूर्वजांचाच धंदा" म्हणून त्याचे समर्थन करतात. मला ते पटत नाही. हुंडी पेढीच्या वहीत नोंदलेली असे, तिच्यावर सही असे, खोका जपून ठेवला जाई, वाद झाला तर महाजनासमोर वही उघडता येई. हवाल्यात नोंद न ठेवणे हाच व्यवहाराचा पाया. पैसे बुडाले तर कुणाकडे दाद मागणार? आणि पकडले गेले तर कुटुंबाची पत जाते, मुलाच्या तिकडच्या नोकरीवरही गदा येऊ शकते.

आपल्या शास्त्रात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना विरुद्धराज्यातिक्रम हा एक सांगितला आहे, राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यवहार. चोरीचा माल घेणे आणि खोटी मापे वापरणे यांच्याच रांगेत तो बसवला आहे. आपण दर पर्युषणात अतिचारांची आलोचना करतो. ती करताना हा शब्द तोंडातून नुसता निघून जाऊ नये.

आपल्या वहीत काय असावे

परदेशात राहायला गेलेल्या मुलाचे इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ करावे लागते. इथले भाडे, लाभांश असे उत्पन्न त्यात जमा होते. परदेशातल्या कमाईसाठी एनआरई. त्याच्या व्याजावर इथे आयकर नाही आणि रक्कम मोकळेपणी परत नेता येते. एनआरओमधून बाहेर न्यायची मर्यादा आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलर, तीही कर भरून, कागद देऊन. मुलाच्या एनआरई खात्यात आई दुसरी खातेदार होऊ शकते, पण 'पहिला किंवा त्याच्यामागे हयात' याच अटीवर. त्याच्या हयातीत आईला खाते चालवायचे तर मुखत्यारपत्र हवे.

एका साध्या वहीत एवढे लिहून ठेवा : कोणत्या बँकेत, कोणत्या देशात, कोणाच्या नावावर खाते आहे, नॉमिनी कोण, बँकेचा स्विफ्ट कोड काय, आयएफएससी काय. पैसे आले की बँकेकडून परदेशी रकमेची पावती मागून त्याच वहीत लावा, पूर्वी खोका जपत तशी. पासवर्ड मात्र वहीत नको.

आपल्या भगिनींपैकी कितीजणी पती गेल्यावर महिनोन् महिने बँकांचे उंबरे झिजवतात हे आपण पाहतो. परदेशी खाते असेल तर तो त्रास दुप्पट, कारण कायदे दोन देशांचे. वीरजी व्होरांची, जगत्शेठांची नावे इतिहासात राहिली, पण त्यांच्या घरातल्या बायकांना पेढीचा हिशेब ठाऊक होता का, हे कुठल्याच कागदावर सापडत नाही. आपल्याबद्दल पुढच्या पिढीने असा प्रश्न विचारू नये. येत्या रविवारी यजमानांना किंवा मुलाला शेजारी बसवून ही वही सुरू करा. भावातला फरक कसा काढायचा हे कुणाला समजले नसेल तर जरूर विचारा, मी पुढच्या लेखात आकडे घेऊन सोडवून दाखवीन.

जय जिनेंद्र.